भाच्याचं घर

“आले हुते, आन् गेलेबी,” आनुबाई माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. कुस्ती मारून आलेल्या पैलवानासारखा त्यांचा चेहरा होता.

मी तव्यावरची भाकरी उलटत होते. “कोण आले होते?”

“पालिकेची माणसं. दोघं. एकाच्या हातात ही एवढी वही. तू दळण आणायला गेलीवतीस तवा.”

“मग? काय काय विचारलं?”

“समदं इचारलं. घर कुणाचं? म्हटलं, माझ्या भाच्याचं. सख्खा भाचा का? म्हटलं, माझ्या पाठच्या भणीचा ल्योक. भाडं किती देता? म्हटलं, भाच्याला कुणी भाडं देतं व्हय? तुमच्यात देत असतील, आमच्यात न्हाई तसली पद्धत.”

“असं म्हणालात?”

“मग! हसला की त्यो. म्हणला, जेवणखाण कुणाकडं? म्हटलं, सून दोन टायमाला गरम ताट आणून देती. औषधपाणी येळच्या येळी करती. मला काय म्हंजे काय कमी न्हाई.”

जेवणाचं आणि औषधाचं मी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानं जोडलं होतं. पण बाईनं बाजी मारली होती यात शंका नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी तव्यावरची भाकरी तशीच त्यांच्या पुढ्यात ठेवली, वर वांग्याची भाजी वाढली आणि म्हटलं, “शाबास आनुबाई. आज खरंच गरम ताट घ्या.”

त्या मिटक्या मारत जेवल्या. मी समोर बसून त्यांच्याकडून ती हकिगत आणखी दोनदा ऐकली. चौदा वर्षं झाली त्याला, पण त्यांचं ते “तुमच्यात देत असतील” अजून जसंच्या तसं कानात आहे.

आमचं गाव तालुक्याचं, हळदीच्या बाजारपेठेचं. घर माझ्या नावावर होतं, कारण जागा माझ्या वडिलांनी दिलेली. बांधकाम मात्र आमच्या ह्यांच्या सोसायटीच्या कर्जातून झालं. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पुढं तीन खोल्या आमच्या आणि मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, बाहेरच्या दारानं जाण्यायेण्याची. त्या खोलीचं भाडं यायचं ते कर्जाच्या हप्त्याला जायचं. म्हणजे आम्ही घरमालक होतो, पण आमचीही ओढाताणच होती, हे आधीच सांगते. अर्थात पुढं मी जे केलं ते काही त्यानं झाकलं जात नाही.

आनुबाई पिसाळ त्या मागच्या खोलीत चार वर्षं राहत होत्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. हळदीच्या वखारीत हळद निवडायला जायच्या. मोतीबिंदू झाला, चांगलं कुठलं, किडकं कुठलं ते दिसेना, तेव्हा वखारीतनं काढून टाकलं. मग कुणीतरी फॉर्म भरून दिला आणि त्यांना निराधारचा पगार सुरू झाला. महिन्याला सहाशे रुपये. पेन्शन म्हणायचं त्याला, पण आमच्याकडं सगळ्या बायका ‘पगार’च म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. त्या सहाशेतले साडेतीनशे माझ्याकडं यायचे. उरलेल्यात आनुबाईंचा संसार चालायचा. शेंगा फोडून देणं, वाती वळून देणं असलं काहीबाही त्या करायच्या, पण दिसत नसलेल्या माणसाला काम तरी किती मिळणार?

त्याच वर्षी गावाबाहेर फार्मसीचं कॉलेज निघालं आणि खोल्यांना सोन्याचा भाव आला. लोकांनी गोठ्यांना दारं लावून पोरं ठेवली. एकेका कॉटचे सातशे घेऊ लागले. मी आनुबाईंचं भाडं साडेतीनशेचं पाचशे केलं. ह्यांना ते आवडलं नाही. “म्हातारीला काय कॉलेजची पोरगी समजलीस काय?” असं म्हणाले. मी म्हटलं, “तुमच्या सोसायटीला सांगा की हप्ता माफ कर म्हणून.” त्यावर ते पाना घेऊन सायकल दुरुस्त करायला बसले. वादातून उठून जायची त्यांची ही जुनी रीत.

आणि लगेच पालिकेची फेरआकारणी आली. घरोघर जाऊन घरपट्टी नव्यानं ठरवायची. ज्या घरात भाडेकरू त्याला पट्टी जास्त. मी सगळ्यांनी लिहिलं तेच लिहून दिलं, की घर स्वतःच्या वापरात, भाडेकरू नाही. खाली सही केली. आमच्या गल्लीत त्या महिन्यात एकही भाडेकरू उरला नव्हता. सगळे चुलते, मेहुणे आणि आतेभाऊ झाले होते.

आनुबाईंना मी मावशी केलं. ह्यांची मावशी. रोज दुपारी शिकवणी घ्यायचे.

“तुम्ही कोण?”

“मी दिनकररावाची चुलती.”

“चुलती नाही हो, मावशी! चुलतीचं आडनाव आमच्यासारखं थोरवत असतं. तुमचं पिसाळ आहे.”

“आता बया. मग मावशी.”

चार दिवसांत त्या तयार झाल्या. नुसत्या तयार नाही, त्यांना त्याची गोडीच लागली. हे डेपोतून आले की मुद्दाम हाक मारायच्या, “आला का रं माझा भाचा?” हेही हसून “आलो की मावशी” म्हणायचे.

तर ती माणसं येऊन गेली आणि मी निश्चिंत झाले. महिना गेला. आनुबाई पगार आणायला बँकेत गेल्या आणि हात हलवत परत आल्या. “आला न्हाई म्हणं अजून.” आठ दिवसांनी पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा बँकेतल्या पोरीनं सांगितलं, “आजी, तहसील कचेरीत जाऊन बघा.” म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले.

निराधारच्या टेबलावर एक कारकून बसला होता. त्यानं यादी काढली, बोट खाली नेत नेत थांबला. “पिसाळ आनुबाई गणपती. बंद.”

“बंद का?” मी विचारलं.

त्यानं एक कागद उपसला आणि बातम्या सांगावं तसं वाचायला लागला. “सदर महिला भाच्याच्या पक्क्या घरात विनाभाडे वास्तव्यास आहे. भाचा नोकरीस असून महिलेस दोन वेळचे जेवण व औषधोपचार भाचेसून पुरविते. सबब महिला निराधार या व्याख्येत बसत नाही.” मग मान वर करून म्हणाला, “पाहणी झालेली आहे. घरी जाऊन आलेत आपले लोक.”

मी शेजारच्या बाकावर बसले. ती माणसं पालिकेची नव्हतीच. वही बघून आनुबाईंनी ठरवलं की पालिकेची, आणि मीही खातरजमा केली नव्हती.

“काय म्हणतोय त्यो?” आनुबाईंनी विचारलं.

मी त्यांना हळूहळू समजावून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांवर पांढरी साय आल्यासारखी झाली होती, त्यामुळं त्या कुठं बघतात ते कळायचं नाही. मग म्हणाल्या, “मग पालिकेचे अजून यायचेच हायती?”

मला हसावं की रडावं कळेना.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं उपाय सांगितला. “घरमालकाचं प्रतिज्ञापत्र आणा, शंभराच्या स्टॅम्पवर. ही बाई आमच्या नात्याची नाही, भाड्यानं राहते, आम्ही तिचा सांभाळ करत नाही, एवढं लिहून. मग साहेबांसमोर दोघींचा जबाब होईल. होतंय पुन्हा चालू.”

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “मग देऊ की लिहून. खरंच आहे ते.”

“आणि पालिकेत मी जे लिहून दिलंय त्याचं काय? एकीकडं भाडेकरू नाही म्हणून सही, दुसरीकडं भाडेकरू आहे म्हणून सही. दंड बसेल. मागची पट्टी वसूल करतील.”

“तुझं घर, तू ठरव,” हे म्हणाले. हेही त्यांचं नेहमीचं.

मी ठरवलं ते असं, की सही न करता काम झालं पाहिजे. डोकं माझं असल्या गोष्टीत फार चालायचं. दुसऱ्या दिवशी मी आनुबाईंना म्हटलं, “आपण असं सांगू, की भाचा वारला.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बया, जित्या माणसाला मारतीस? तुझाच नवरा हाय न्हवं त्यो?”

“नुसतं कागदावर हो.”

“कागदावर मी निराधार हुते तवा खायला मिळत हुतं. कागदावर भाचा आला आन् पगार गेला. कागदाचं खरं असतंय बाई. न्हाई, तसलं मी न्हाई बोलणार.”

मग मी दुसरी युक्ती काढली. त्यांनी दोनतीन महिन्यांपुरती दुसरी खोली घ्यावी, तिथल्या मालकाकडून लिहून आणावं, पगार सुरू झाला की परत यावं. त्या बिचाऱ्या शोधायला निघाल्या. चार दिवस काठी टेकत गाव पालथं घातलं. जिथं जावं तिथं हजार, बाराशे, वर डिपॉझिट. एका बाईनं खोली दाखवली आणि मग विचारलं, “तुम्ही एकट्या. काही बरंवाईट झालं तर उचलायला कोण येणार?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हटलं, तुला तरी कोण येणार हाय ते सांग, त्यालाच मीबी सांगून ठिवते.” सांगता सांगता त्या हसल्या. पण पायाचे घोटे सुजले होते, ते मी बघितलं. पुन्हा त्या शोधायला गेल्या नाहीत.

असे तीन महिने गेले. भाडं मात्र त्या पाच तारखेला आणून द्यायच्याच. पहिल्या महिन्यात होतं त्यातनं दिलं. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या खोलीतली पितळी घागर दिसेनाशी झाली. मी विचारलं नाही. पैसे घेतले आणि डब्यात ठेवले.

त्यांच्या खोलीची आणि माझ्या न्हाणीची भिंत एकच. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज मला यायचा. पूर्वी दिवसातनं दोनदा यायचा, मग एकदा यायला लागला. मग एक दिवस आलाच नाही. त्या दुपारी मी ताट वाढलं, दोन भाकरी, आमटी, कांदा. नेऊन दिलं. थोड्या वेळानं ताट जसंच्या तसं माझ्या ओट्यावर ठेवलेलं. झाकणसुद्धा हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. आपण द्यायला जावं आणि समोरच्यानं परत करावं! मी ताट घेऊन त्यांच्या दारात गेले.

“आनुबाई, माझ्या हातचं चालत नाही का आता?”

“आत्ताच जेवले मी.”

“स्टोव्ह पेटला नाही आज तुमचा. मला कळतं सगळं.”

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाती वळायचा कापूस मांडीवर तसाच पडला होता. त्यांनी मला आत बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मंदा, रागवू नको. ताट घेतलं तर त्यांनी लिवलंय ते खरं हुतंय.”

“काय खरं होतंय?”

“सून दोन टायमाला गरम ताट देती म्हणून लिवलंय न्हवं? आन् परत चौकशीला आले, कुणी गल्लीत इचारलं, तर लोक काय सांगतील? व्हय, ताट जातंय म्हणतील. मग माझा पगार कायमचा गेला. त्यापेक्षा न्हाई खाल्लेलं बरं. थोड्या दिसाचा तर प्रश्न हाय.”

मी ते ताट हातात धरून उभी राहिले. त्या भुकेल्या होत्या. ताट दोन हात अंतरावर होतं. आणि माझ्याच खोटेपणानं त्यांना ते घेता येत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. घरी येऊन मी ह्यांना फक्त एवढंच म्हटलं, “उद्या नोटरीकडं जाते.” ह्यांनी मान हलवली आणि कधी नव्हे ते जागचे हलले नाहीत.

आठ दिवसांनी साहेबांसमोर जबाबाची तारीख पडली. कचेरीच्या वाटेवर मी आनुबाईंना बजावत होते, “आज खरं बोलायचं. मी भाडेकरू आहे, ही माझी कोणी नाही, असं सांगायचं. कळलं?”

“कळलं.”

“मावशीबिवशी काही नाही.”

“कळलं गं. किती येळा सांगतीस?”

साहेब म्हणजे नायब तहसीलदार, पन्नाशीचे, चष्म्याच्या वरून बघणारे. खोलीत भिंतीकडेला बाक होता, त्यावर आणखी पाचसहाजण नंबर लावून बसले होते. आम्ही दोघी टेबलापुढं उभ्या राहिलो. आणि तेवढ्यात माझं लक्ष त्या बाकाकडं गेलं. शेवटाला पालिकेच्या घरपट्टीच्या खिडकीतला कारकून बसला होता. मांडीवर फाईल. मी त्याच्याच हातात तो फॉर्म दिला होता. आनुबाईंना चेहरा ओळखू आला नसता. पण त्याच वेळी तो शेजारच्या माणसाला म्हणाला, “नाही, मी पालिकेतून आलोय,” आणि ते आनुबाईंनी ऐकलं. त्यांची मान थोडी वळली.

साहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. मग आनुबाईंना विचारलं, “आजी, या तुमच्या कोण?”

आनुबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माझी भाचेसून.”

“अहो, कागदावर तर लिहिलंय की—”

“कागदाचं मला न्हाई ठावं. मला लिवता वाचता येत न्हाई. भाच्याच्या घरात हाय मी. भाडंबिडं काय न्हाई.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग आजी, तुम्हाला पगार कशाला पाहिजे? सांभाळणारं माणूस आहे की तुम्हाला.”

“नसंल द्यायचा तर नगा देऊ,” आनुबाई म्हणाल्या.

अर्धपोटी राहणारी बाई माझी घरपट्टी वाचवत होती. मला ते उभ्या उभ्या सहन होईना. मी बोलले, आणि गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले.

“साहेब, या माझ्या कोणी नाहीत.”

“कोणी नाहीत म्हणजे?”

“कोणीच नाहीत. ना माहेरच्या, ना सासरच्या. मागच्या खोलीत भाड्यानं राहतात. मी त्यांना ताट देत नाही, औषध देत नाही. पाचशे रुपये भाडं घेते दर महिन्याला. या तीन महिन्यांचंसुद्धा घेतलंय.”

“मग या असं का सांगतात?”

“मी शिकवलं म्हणून. पालिकेची पट्टी वाढू नये म्हणून.”

बाकावरची कुजबुज थांबली. पालिकेच्या कारकुनानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. झालं, मला वाटलं. बघायचं ते बघितलं यानं.

साहेब ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. त्यांनी लिहायला घेतलं आणि आनुबाईंना एकेक विचारत गेले. मुलगा? नाही. मुलगी? नाही. भाऊ? वारला. दीर, पुतण्या? नाही. भाचा? इथं आनुबाई थांबल्या. माझ्याकडं नाही, समोर बघत म्हणाल्या, “न्हाई.” मग अंगठा उठवला.

“पुढच्या महिन्यापासून चालू होईल,” साहेब म्हणाले. “मागचे महिने मिळणार नाहीत.”

बाहेर पडलो तेव्हा ऊन लागत होतं. स्टँडच्या कोपऱ्यावर रसवंती होती, तिथं मी त्यांना बसवलं आणि दोन ग्लास रस सांगितला. मला फार हलकं वाटत होतं. आपण आयुष्यात एक चांगलं काम केलं, तेही चार लोकांसमोर, असं काहीतरी मनात चाललं होतं. आनुबाईंनी घोट घेतला, तोंड पुसलं.

“त्यो पालिकेचा हुता न्हवं?”

“होता.”

“मग आता तुझी पट्टी वाढणार.”

“वाढेल.”

“मग भाडं किती करणार?”

त्या सरळ विचारत होत्या. टोमणा नव्हता त्यात. बाजारात भाव विचारावा तसं. आणि मी म्हणू शकले असते, की बघू पुढं. मी म्हणू शकले असते, की आहे तेच राहू दे. पण आकडा माझ्या मनात तयार होता. नोटरीकडं बसले होते तेव्हाच मी तो काढून ठेवला होता. पट्टी एवढी वाढली तर भाडं एवढं. कॉलेजच्या पोरांकडून तर दीड हजार सहज आले असते, म्हणजे मी तशी दयाच करत होते.

“आठशे,” मी म्हटलं.

“आठशे,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बरं.” आणि ग्लास तळापर्यंत प्यायल्या.

पगार सहाशे होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी खोली सोडली. वखारीतली ओळखीची एक बाई नदीपलीकडं राहायची, तिनं जागा बघून दिली. सामान एका हातगाड्यावर मावलं. जाताना त्यांनी खोली झाडून काढली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पत्र्याला मोरीच्या वर भोक पडलंय, तेवढं डांबर लाव. नव्या माणसाला तरास नको.” हे तेव्हा डेपोत होते. घरी आल्यावर मी सांगितलं तसे ते नुसते म्हणाले, “आठशे?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खोलीत मी कॉलेजची दोन पोरं ठेवली.

मार्चमध्ये घरपट्टीचं बिल आलं. मी आकडा बघितला, पुन्हा बघितला. होती तेवढीच. मला वाटलं चूक झाली असेल. नंतर मोठं बिल आलं तर एकदम कुठून भरायचं, म्हणून मी पालिकेत गेले. खिडकीत तोच कारकून.

“माझं बिल वाढलेलं नाही,” मी म्हटलं.

“बरं आहे की मग.”

“भाडेकरूची पट्टी लागायची होती ना?”

त्यानं रजिस्टर बघितलं. “तुमच्याकडं भाडेकरू नाही अशी नोंद आहे.” मग हसला. “पाहिजे असेल तर लावून देतो.”

“तुम्ही त्या दिवशी तहसील कचेरीत होता. मी तिथं जबाब दिला, तेव्हा.”

तो आठवायचा प्रयत्न करत होता. “आईच्या पगारासाठी जायचो तिकडं. बंद केलाय तिचा. चार वेळा गेलो. तुम्ही पण होता काय?”

त्यानं काही ऐकलंच नव्हतं. ऐकलं असेल तरी त्याच्या डोक्यात त्याची आई होती. एका कचेरीचं दुसऱ्या कचेरीला कधी कळलंच नाही. माझी घरपट्टी एका रुपयानंही वाढली नव्हती आणि त्या न वाढलेल्या पट्टीपायी मी आनुबाईंना घराबाहेर काढलं होतं.

मी तशीच नदीपलीकडं गेले. विचारत विचारत पोचायला तास लागला. एका लांबट खोलीत मधे पत्रा उभा करून दोन भाग केलेले, एका भागात आनुबाई. नळ बाहेर, चार घरांत एक. त्या दारात बसून शेंगा फोडत होत्या. आवाजावरून मला ओळखलं.

“मंदा? एवढ्या लांब आलीस? बस, बस. च्या टाकते.”

नको म्हणायला मला तोंड नव्हतं. त्यांनी चाचपत स्टोव्ह पेटवला. चहा होईतो मी सगळं सांगून टाकलं. बिल, कारकून, त्याची आई. मग म्हटलं, “आनुबाई, माझं चुकलं. मी त्या पोरांना काढते. तुम्ही परत चला. पाचशे पण नको. तुमचं साडेतीनशेच द्या.”

त्यांनी चहा गाळला.

“साडेतीनशे पण नको,” मी म्हटलं. “तशाच राहा. खरंच मावशी म्हणून राहा. ह्यांनाही करमत नाही.”

“फुकट?” त्या हसल्या. “फुकट ठेवलंस म्हंजे सांभाळलंस. सांभाळलंस म्हंजे परत पगार बंद.”

“मग भाडं द्या. नावाला शंभर द्या. मी पावती देते.”

“आन् पत्ता? हितला पत्ता लिवायला मला सा खेपा माराव्या लागल्या. आता पुन्यांदा पत्ता बदलला की पुन्यांदा चौकशी. तेच घर, तीच म्हातारी, तीच तू. वही घेऊन येणार आन् इचारणार, ही तुमची कोण?”

चहा निवत चालला होता.

“तू सायबापुढं सांगितलंस न्हवं, कोण न्हाई म्हणून?” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तेच ऱ्हाऊ दे बाई. त्याच्यावर माझं पोट चाललंय.”

मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते पुसलं नाही. चहा पिऊन कपबशी बाहेरच्या नळावर विसळली, त्यांच्या फळीवर पालथी घातली आणि ऊन उतरायच्या आत घरी निघाले.